ठिणगीची गोष्ट : विमानातील मॅग्नेटो आणि त्याचा वारसदार

१९३० सालच्या मे महिन्यात इजिप्तमधील अबुकीरच्या विमानतळावर दोन हिंदी तरुणांची गाठ पडली. एक कराचीहून लंडनकडे निघालेला, दुसरा इंग्लंडहून कराचीकडे येणारा. दोघांपाशी जिप्सी मॉथ जातीचे छोटे विमान, आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे आगाखानांनी लावलेले पाचशे पौंडांचे एकच बक्षीस. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्याने विमान हाकून जो हिंदी माणूस प्रथम पुरा करील, त्याला ते मिळावयाचे होते. परंतु इंग्लंडहून आलेल्या तरुणाचे विमान अबुकीरला अडून बसले होते. कशासाठी? इंजिनाचे प्लग निकामी झाले होते आणि जादा प्लग जवळ नव्हते. कराचीहून आलेल्या तरुणाने आपल्याजवळचे जादा प्लग काढून प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवले. त्याने उपकाराची फेड म्हणून आपले समुद्रावर उपयोगी पडणारे तरंगते जाकीट देऊ केले, आणि दोघे आपापल्या दिशेने उडाले. बक्षीस मिळाले ते प्लग घेणाऱ्याला. त्याचे नाव अस्पी इंजिनियर, वय वर्षे अवघे सतरा. प्लग देणारे जे. आर. डी. टाटा. अस्पी इंजिनियर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि जे. आर. डीं.नी १९३२ च्या १५ ऑक्टोबरला कराचीहून जुहूला टपाल आणून या देशातील नियमित विमानसेवेचा पाया घातला, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे.

ही गोष्ट बहुधा खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. आम्हांला मात्र तिच्यातील प्लगांविषयी बोलावयाचे आहे. विमानाला पंख असतात, पंखा असतो, पेट्रोल असते. परंतु पेट्रोल पेटविणारी ठिणगी वेळेवर पडली नाही तर या साऱ्या डामडौलाचा उपयोग शून्य. ज्यांनी आपली जुनी स्कूटर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला आडवी करून, प्लग काढून, काचकागदावर घासला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. फरक इतकाच की स्कूटर कडेला उभी करता येते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. दट्ट्याच्या इंजिनात नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ओढले जाते, दट्ट्या ते दाबतो, ठिणगीने ते पेटते आणि त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो. मिश्रण एका क्षणात पेटून जात नाही. त्याला जळावयास काही अवधी लागतो. म्हणून दट्ट्या अगदी वर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. पुष्कळ लहान विमानांच्या इंजिनांत हे अंतर भुजादंडाच्या फेऱ्याचे वीस ते पंचवीस अंश इतके असते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर पंचवीस अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे सहाशेवा भाग. तेवढ्या नेमक्या क्षणी, प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला वीस वेळा, तासन् तास ठिणगी पडत राहिली पाहिजे. लवकर पडली तर मिश्रण अवेळी भडकून दट्ट्याला ठोके बसतात, उशिरा पडली तर शक्ती वाया जाते.

१९०३ सालच्या १७ डिसेंबरला किटी हॉक येथे राइट बंधूंचे विमान उडाले, त्यात मुळी प्लगच नव्हते! त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर याने सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे, सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. त्याच्या प्रत्येक सिलिंडरच्या आत दोन धातूचे स्पर्शक होते. ते एकमेकांना टेकत आणि झटकन अलग होत, आणि अलग होताना मधल्या फटीत ठिणगी उडे. वीज पुरविण्यास एक लहान चुंबकी जनित्र, म्हणजे मॅग्नेटो, इंजिनावरच फिरत असे. इंजिन सुरू करण्यापुरती कोरड्या बॅटऱ्यांची वीज घेत. पण त्या बॅटऱ्या जमिनीवरच ठेवून विमान वर जाई. वजन वाचविण्याची ही युक्ती होती. हल्लीसारखी पेट्रोल कमीजास्त करण्याची सोय त्या इंजिनाला नव्हती. वेग बदलावयाचा तर ठिणगीची वेळ पुढेमागे करावी लागे. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे झाले व त्या दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने विमान उलथून मोडले आणि त्या इंजिनाचे त्या वर्षीचे काम संपले.

इकडे जर्मनीत स्टुटगार्ट शहरी रॉबर्ट बॉश या गृहस्थाने १८८६ साली एक लहानसा कारखाना काढला होता. जागेवर बसविलेल्या इंजिनांसाठी तो मॅग्नेटो बनवी. १८९७ साली त्याने तो एका तीनचाकी मोटारीला बसवून दाखविला, आणि १९०२ च्या सुमारास त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. पुढील शतकभर विमानांत जे वापरले गेले ते तत्त्वतः हेच यंत्र. त्याची घडण फार सोपी आहे. इंजिनाबरोबर एक कायम चुंबक फिरतो; त्याच्याजवळ जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे असते. चुंबक फिरला की जाड तारेत वीज खेळते. नेमक्या क्षणी एक उंचवटा ‘पॉइंट’ उघडतो, ती वीज एकाएकी तुटते, आणि त्या धक्क्यासरशी बारीक तारेत दहावीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीत ठिणगी उडते. याला बॅटरी लागत नाही, दुसरे जनित्र लागत नाही. इंजिन फिरते आहे तोवर मॅग्नेटो फिरतो, आणि मॅग्नेटो फिरतो आहे तोवर इंजिन फिरते. विमान हाकणाऱ्याच्या दृष्टीने या स्वावलंबनाचे मोल किती आहे, हा आमच्या विषयाचा गाभा आहे.

या चिमुकल्या यंत्राने राजकारणातही आपला इंगा दाखविला. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनमधील मोटारी व विमाने यांचे जवळजवळ सगळे मॅग्नेटो बॉशच्या जर्मन कारखान्यांतून येत होते. साम्राज्याच्या आरमाराचा दरारा सात समुद्रांवर, आणि विमानाच्या ठिणगीसाठी शत्रूच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी! लुकस व इतर इंग्रज कारखानदारांना घाईघाईने हा धंदा उभा करावा लागला. अमेरिकेने युद्धात उतरल्यावर तेथील बॉश कंपनी शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली आणि १९१८ च्या अखेरीस विकून टाकली. पुढे स्वतंत्र भारतात १९५१ साली बंगळुरूला बॉशच्या साह्याने ‘मायको’ कंपनी निघाली आणि तिचे प्लग गावोगावच्या गॅरेजांत जाऊन पोहोचले, हा त्याच घराण्याचा आपल्याकडचा विस्तार.

बॅटरीवर चालणारी ठिणगी विमानात नवीन आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. अमेरिकेने १९१७ साली घाईने तयार केलेल्या बारा सिलिंडरांच्या ‘लिबर्टी’ इंजिनात मॅग्नेटो नव्हताच. त्यात चार्ल्स केटरिंग याच्या डेल्को कंपनीची बॅटरी-वेटोळ्याची योजना होती. कारण मोठे मौजेचे आहे. सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये साठ अंशांचा कोन ठेवला असता तर ठिणग्या सारख्या अंतराने पडल्या असत्या. पण इंजिन अरुंद करण्यासाठी तो पंचेचाळीस अंशांचा ठेवला, त्यामुळे ठिणग्यांत एकदा पंचेचाळीस व एकदा पंचाहत्तर अंशांचे अंतर पडू लागले. ही लंगडी चाल मॅग्नेटोला मानवणारी नव्हती. लिबर्टी इंजिनांची डी. एच. ९ ए विमाने १९२० नंतर वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश हवाई दलाने पुष्कळ वापरली. तात्पर्य, बॅटरीवरचे विमान आपल्या डोंगरांवरून शंभर वर्षांपूर्वीच उडून गेले आहे.

तरीही बाजी मारली ती मॅग्नेटोने, आणि तीही जोडीने. एका इंजिनाला दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग; एक संच बिघडला तर दुसऱ्याने काम चालवावे. मोठ्या सिलिंडरमध्ये दोन बाजूंनी आग लागल्याने मिश्रण अधिक लवकर व नीट जळते, हा वरचा लाभ. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा उडत गेला तेव्हा त्याच्या नऊ सिलिंडरांच्या ‘राइट व्हर्लविंड’ इंजिनावर अशी जोडी होती. प्रवास साडेतेहेतीस तासांचा. इंजिनाची सरासरी गती मिनिटाला १६०० फेरे धरली, तर प्रत्येक प्लगने सुमारे सोळा लाख ठिणग्या पाडल्या असल्या पाहिजेत. आणि प्लग होते अठरा. खाली अटलांटिक महासागर! लिंडबर्गच्या धैर्याचे पोवाडे सर्वांनी गायिले. त्या अठरा प्लगांना कोणी हार घातल्याचे आमच्या वाचनात नाही.

मॅग्नेटोला दोषही आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. इंजिन सुरू करताना ते हळू फिरते, म्हणून ठिणगी दुबळी पडते. शिवाय ती पूर्ण वेगासाठी ठरविलेल्या वेळी, म्हणजे फार लवकर, पडते, आणि पंखा उलट झटका देतो. हाताने पंखा फिरवून विमान सुरू करण्याच्या काळात अशा झटक्याने माणसाचा हात सहज मोडे. यावर उपाय म्हणून एक कमानीची जोडणी बसवितात. ती चुंबकाला क्षणभर अडवून धरते, कमान ताणली जाते, आणि दट्ट्या वर आला की चुंबकाला फटकन सोडते. पंखा सावकाश फिरवला तर ‘टक्’ असा आवाज येतो तो हिचाच.

दुसरा दोष अधिक घातकी. मॅग्नेटो बंद करावयाचा म्हणजे त्याची वीज तोडावयाची नसते. उलट त्याच्या जाड तारेचे टोक इंजिनाच्या धातूला जोडून द्यावयाचे असते. म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणाच्या नेमके उलट. ती जोडणारी बारीकशी तार वाटेत तुटली, तर बटण ‘बंद’ दाखविते आणि मॅग्नेटो जिवंतच राहतो. अशा वेळी धूळ पुसण्यासाठी कोणी पंखा हाताने जरा सरकविला, तर इंजिन एक फटका मारू शकते. उभ्या विमानाच्या पंख्यालाही नेहमी जिवंतच समजावे, हा धडा फ्लाइंग क्लबात पहिल्याच दिवशी देतात, तो यामुळेच.

उंचीवर आणखी एक अडचण येते. विरळ हवा विजेला नीट अडवीत नाही; त्यामुळे ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी मॅग्नेटोच्या पोटातच इकडून तिकडे उडी मारते. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंच जाऊ लागली तेव्हा मॅग्नेटोत दाबाची हवा भरणे, किंवा उच्च दाबाचे वेटोळे थेट सिलिंडरपाशी नेऊन बसविणे, असे उपाय करावे लागले. त्याच काळात इंजिनेही अवाढव्य झाली. १९४८ च्या ८ जूनला मुंबईहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाला अठरा सिलिंडरांची चार इंजिने होती, म्हणजे १४४ प्लग. अमेरिकेच्या बी-३६ या बाँबफेकी विमानाला अठ्ठावीस सिलिंडरांची सहा, म्हणजे ३३६ प्लग! ते बदलणाऱ्या कामगारांनी जेट इंजिनाचे स्वागत मनापासून केले असले पाहिजे. जेट इंजिन एकदा पेटले की त्याला दर फेऱ्याला ठिणगी लागत नाही. मोठी विमाने त्या वाटेने गेली, आणि दट्ट्याचे इंजिन लहान विमानांपुरते उरले. बारामतीच्या किंवा धुळ्याच्या आकाशात शिकाऊ वैमानिकाला घेऊन घिरट्या घालणारे विमान बहुधा याच जातीचे असते.

मोटारींनी मॅग्नेटो फार पूर्वीच सोडून केटरिंगची बॅटरीची पद्धत धरली होती, आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांनी पॉइंटही टाकून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन स्वीकारले. विमान मात्र जुन्याला चिकटून राहिले. याला कोणी आळस म्हणतात, कोणी पुराणमतवाद. आमच्या मते दोन्ही आरोप अर्धवट आहेत. एक तर प्रमाणपत्र मिळालेल्या विमानातील एक स्क्रूही मनास येईल तसा बदलता येत नाही. प्रत्येक बदल चाचण्या करून सिद्ध करावा लागतो, आणि लहान विमाने इतकी थोडी विकली जातात की तो खर्च सहसा भरून येत नाही. दुसरे असे की अमेरिकेच्या नियमांप्रमाणे अशा इंजिनाला दोन स्वतंत्र विद्युत्मार्ग व विजेचे दोन स्वतंत्र उगम असावे लागतात. दोन मॅग्नेटो ही अट जन्मतःच पुरी करतात; एका बॅटरीवरच्या दोन इलेक्ट्रॉनिक पेट्या ती पुरी करीत नाहीत. आणि तिसरे कारण वैमानिकाच्या मनातले. विमानात जळका वास आला की त्याने सगळी वीज एका बटणाने बंद करावी, असे त्याला शिकविलेले असते. दिवे जातात, रेडिओ जातो, पण इंजिन चालूच राहते, कारण मॅग्नेटोला त्या विजेशी कर्तव्य नसते. हा भरवसा सोडा, असे त्याला सांगणे सोपे नाही.

मार्ग काढला तो मुख्यतः घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांनी. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पुष्कळांनी पाहिले असेल. अमेरिकेत अशा लोकांची संघटना १९५३ पासून आहे, आणि तेथे ‘प्रायोगिक’ म्हणून नोंदलेल्या विमानात नवे यंत्र बसवून पाहण्याची मोकळीक असते. त्यांनी एक शहाणपण केले : दोन्ही मॅग्नेटो एकदम काढले नाहीत. एक काढला आणि दुसरा पहाऱ्यावर ठेवला.

हे काम कसे करतात ते थोडक्यात सांगतो. काढलेल्या मॅग्नेटोच्या जागी, किंवा पंख्यामागे भुजादंडावर, दाते असलेले एक चाक बसवितात. एखाददुसरा दाता मुद्दाम गाळलेला असतो, आणि ती मोकळी जागा समोरून गेली की दट्ट्या नेमका कोठे आहे हे शेजारच्या संवेदकाला कळते. दुसरी एक बारीक नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेवरून आणतात. तिच्यातील दाबावरून इंजिनावर किती भार आहे हे समजते. या दोन बातम्यांवरून एक लहान पेटी ठिणगीची वेळ ठरविते. उंचावर, विरळ हवेत, मिश्रण सावकाश जळते. तेव्हा ती ठिणगी आणखी आधी पाडते. मॅग्नेटोला हे जमत नाही. मेकॅनिकने जमिनीवर जो कोन लावून दिला तोच त्याचा वेदवाक्याप्रमाणे कायमचा. शिवाय नव्या ठिणगीत जोर अधिक असतो, म्हणून प्लगची फट जवळजवळ दुप्पट ठेवता येते, थंडीत इंजिन चटकन सुरू होते, आणि मिश्रण पातळ ठेवले तरी ते नीट पेटते, त्यामुळे इंधन वाचते. पेटीची तार मात्र मधल्या कोणत्याही बटणावरून न नेता थेट बॅटरीकडे न्यावी लागते. हिच्यात कसूर झाली तर सगळे मुसळ केरात.

ही नवी जोडी जमली की एक गमतीचा प्रकार घडतो. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक प्रज्वलन बंद करून पाहतो. पूर्वी दोन्ही बाजूंना फेऱ्यांचा काटा साधारण सारखाच उतरे. आता इलेक्ट्रॉनिक बाजूवर तो फारसा हलत नाही, आणि एकट्या मॅग्नेटोवर ठेवला की चांगलाच घसरतो. नवख्या माणसाला वाटते की मॅग्नेटो बिघडला. तो बिघडलेला नसतो. दोघांची तुलना प्रथमच इतकी उघड झालेली असते. उंचीवर तर मॅग्नेटोची ठिणगी पडते तोवर आग निम्मी पसरलेलीही असते, आणि तो नुसता हजेरी लावीत राहतो. त्याचे काम आता अडीअडचणीपुरते.

२०१० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी विमान-प्रशासनाने प्रमाणित विमानांतही अशी यंत्रे बसविण्यास परवानगी दिली, आणि लायकमिंगसारखे जुने इंजिन-कारखानदारही ती देऊ लागले. परंतु युरोपात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने हा प्रश्न आधीच निराळ्या रीतीने सोडविला होता. तिच्या १९८९ पासूनच्या ९१२ जातीच्या इंजिनात दोन इलेक्ट्रॉनिक प्रज्वलने आहेत, पॉइंट नाहीत. आणि त्यांना लागणारी वीज इंजिनाच्याच फिरत्या चाकाखालील वेटोळ्यांतून येते, बॅटरीतून नव्हे. म्हणजे डोके नवे आणि स्वावलंबन मॅग्नेटोचेच. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने तयार केलेल्या ‘हंसा-३’ या दोन आसनी विमानाला २००० साली प्रमाणपत्र मिळाले, त्यावर याच कंपनीचे ९१४ इंजिन होते. २०२१ साली प्रथम उडालेल्या ‘हंसा-एनजी’वर त्याच घराण्यातले ९१२ आय इंजिन आहे, ज्यात पेट्रोल व ठिणगी या दोहोंचा कारभार संगणकाच्या हाती दिलेला आहे, आणि त्या संगणकाला वीज पुरविण्यास इंजिनावरच दोन स्वतंत्र जनित्रे ठेवली आहेत.

जुन्या लायकमिंग वा कॉन्टिनेंटल इंजिनाचे दोन्ही मॅग्नेटो काढू पाहणाऱ्या मालकाला मात्र अजून ही सोय आपली आपण करावी लागते. कोणी दुसरी लहान बॅटरी ठेवतो आणि मुख्य वीज गेल्यावर ती किती वेळ पुरते हे जमिनीवर घड्याळ लावून पाहतो. कोणी आपल्यापुरती वीज आपणच निर्माण करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी घेतो, पण ती इंजिनाचा वेग एका मर्यादेखाली गेला की बॅटरीकडेच हात पसरते. आमच्या ऐकण्यातले बरेच जण, हा सगळा हिशेब मांडून झाल्यावर, डावीकडचा जुना मॅग्नेटो आहे तेथेच राहू देतात, आणि दर पाचशे तासांनी तो उघडून त्याचे पॉइंट तपासून घेतात.